गोयोबाबाचा कोट

“वाकून उभा हुता का ताठ, तेवढं सांग आधी. मागल्या साली सांगितलं न्हाईस, आन् बोल मला लागला.”

क्रिसांताच्या ओठांत टाचण्या होत्या, तरी शब्द कसे मोकळे आले. शिवणकाम करणाऱ्या बाईला टाचण्या तोंडात धरून भांडता येतं. तिचा अर्धा जन्म त्यातच गेलेला.

दारात एपिफानियो उभा होता. टोपी छातीशी, पायातल्या वहाणांना शेतातला चिखल. गावाचा जाणता. पोरसवदा होता तेव्हा डोंगरात मेंढरं राखताना त्याच्यावर वीज पडली. मेंढरं मेली, कुत्रं मेलं, हा तेवढा उठून बसला. तेव्हापासून ढग काय म्हणतात, गारा कुठून येणार, डोंगरातल्या गोयोबाबाला काय हवंय, हे त्याला झोपेत कळतं. त्याला ते नको होतं, पण वीज काय कुणाला विचारून पडते? क्रिसांता आणि तो एकाच गल्लीत धुळीत खेळले, म्हणून अख्खं गाव त्याला ‘जाणतेबुवा’ म्हणत असताना ती त्याला फान्या म्हणायची.

“ताठ हुता,” एपिफानियो म्हणाला. “हातात काय न्हवतं. पाठीवर काय न्हवतं. नुस्ता उभा. मला म्हणला, फान्या, थंडी लई पडली रं.”

“फान्या म्हणला?”

“व्हय.”

“बरं. आन् अंगानं कुणासारका हुता?”

एपिफानियो टोपीची कड फिरवत राहिला. गल्लीत कुणाचा तरी टर्की ओरडत होता.

“आरं बोल की. जाड्या लौरोसारका आसंल तर कापड पुरायचं न्हाई, आत्ताच सांग.”

“नाबोरसारका,” तो म्हणाला.

क्रिसांतानं एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि उशीला टोचल्या. नाबोर म्हणजे तिचा नवरा. त्याला मातीत घालून कैक वर्षं झाली होती.

शोकोयोल्को गावात जन्मलेल्या पोराला चालायच्या आधी एवढं कळतं की परसात उभं राहिलं की दिसतो तो धुराचा डोंगर हा नुसता डोंगर नाही. तो गोयोबाबा. तो खोकतो, चिडतो, कधी म्हातारा होऊन गावात येतो आणि कुणाच्या तरी दारात पाणी मागतो. मार्चात त्याच्या नावाचा सण येतो, त्याचा वाढदिवस. तेव्हा गाव त्याला मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा नेतं, भाकरी, फळं, पुल्के दारूचा घडा नेतं आणि अंगभर नवे कपडे नेतं: कोट, पँट, सदरा, टोपी. वर गुहेच्या तोंडाशी एक लाकडी क्रूस आहे, त्याला ते घालतात. बाबा खूश, तर पाऊस वेळेवर. बाबा नाराज, तर गारा.

माप काढायची रीत अशी. सणाच्या आधी बाबा जाणत्याच्या स्वप्नात येतो, आणि दर वर्षी गावातल्या कुणाचं ना कुणाचं अंग घेऊन येतो. मग त्या माणसाला क्रिसांताच्या घरी बोलावणं जातं. माप घेताना त्यानं तोंड उघडायचं नाही. त्या घटकेला त्याचं अंग बाबाचं असतं, तो जे बोलेल ते बाबानं मागितल्यासारखं होईल. एकदा एकजण टेप लागल्या लागल्या “बाई, गुदगुल्या” म्हणाला, आणि तेवढ्यावरून गावात तीन दिवस खल चालला की बाबाला गुदगुल्या कशा पोचवायच्या.

गेल्या साली बाबा लौरो बेकरीवाल्याच्या अंगानं आला होता. क्रिसांतानं लौरोला उभं करून माप घेतलं, कोट झोकात झाला, वर गेला. आणि कणसांत दूध भरायच्या वेळेला अशा गारा पडल्या की मका आडवा झाला, कोंबड्या मेल्या, चर्चच्या खिडकीला भोक पडलं. मग एपिफानियोला आठवलं, स्वप्नात बाबाच्या पाठीवर लाकडांचा भारा होता. तो वाकलेला होता. ताठ माणसाच्या मापाचा कोट वाकलेल्याला घातला की मागून वर चढतो, कंबर उघडी पडते. बाबाची पाठ गारठली, आणि त्यानं ती गार गावावर झाडली. चूक सांगणाऱ्याची होती, पण नाव शिवणाऱ्याचं खराब झालं. पाणवठ्यावर बायका क्रिसांताला बघून आपल्या कमरेवरचा सदरा खाली ओढायच्या आणि हसायच्या.

रविवारची मास-प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पटांगणात हा विषय निघाला. यंदा सणाचा कारभारी सेवेरो होता. स्वतःचा ट्रक, चोलुलाच्या बाजारात रोजची फेरी, आणि कुठल्याही गोष्टीवर बाजारातला उपाय.

“मेलेल्या माणसाचं माप कुटनं आणायचं?” तो म्हणाला. “उकरून काढायचा नाबोरकाकाला? मी चोलुलातनं तयार कोट आणतो. आस्तर रेशमी. नवरदेव घालत्यात तसला.”

“बाबा काय बोहल्यावर चढतोय?” क्रिसांता म्हणाली.

“मावशे, राग नगं धरूस. मागल्या साली काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय. पुन्ना गारा झाल्या तर खायाचं काय, तुज्या टाचण्या?”

लोक हसले. ते हसणं क्रिसांताच्या कानात बसलं. तिला या कामाचे पैसे कधी मिळाले नव्हते. एक टर्की आणि मोलेचं भांडं, एवढंच. पण अत्लिस्कोच्या मावशीकडून शिवण शिकून आली तेव्हापासून, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, डोंगराचे कपडे तिच्या हातचे होते. एरवी ती कोण? शाळेच्या घागऱ्यांना काठ मुडपणारी, पँटच्या चेन बदलणारी. ते काम गेलं तर तिचं मशीन तेच राहणार होतं, हातही तेच. फक्त सकाळी परसात कपडे वाळत घालताना धुराकडे बघून “थांब जरा, तुजंच शिवतीय” असं म्हणायची सोय राहणार नव्हती.

शेवटी एपिफानियोनं तोडगा काढला. दोन्ही कोट वर न्यायचे. बाबा जो अंगावर घेईल तो त्याचा, आणि इथून पुढं काम त्या हाताचं.

“आन् घेतला का न्हाई ते कळायचं कसं?” सेवेरोनं विचारलं.

“कळतं,” एपिफानियो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिसांतानं दार लोटून घेतलं, काळं जाड कापड मेजावर पसरलं, खडू हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. नाबोरचं माप तिच्याकडे नव्हतं. नवऱ्याला कोण टेप लावतं? त्याचे कपडे ती नजरेनं बेतायची. चुकलं तर उसवायचं, तो काही बोलायचा नाही. त्याचा एकुलता कोट त्याच्याबरोबर मातीत गेला होता, बाकीचं गरजवंतांना दिलेलं.

माणूस म्हणून नाबोर काही फार मोठा नव्हता. डोंगरातून लाकूड आणायचा, मका लावायचा, जेवताना बोलायचा नाही. ज्या साली डोंगरानं आग ओकली आणि शिपाई ट्रक घेऊन गाव रिकामं करायला आले, तेव्हा क्रिसांता मशीनचं डोकं पोरासारखं मांडीवर घेऊन ट्रकमध्ये चढली. नाबोर चढला नाही. शिपायानं दरडावलं तर म्हणाला, “साहेब, तुमी जावा. कोंबड्यांस्नी पाणी कोन घालंल? आन् बाबा आपल्या मान्साला कशाला भाजील?” ती छावणीतून परतली तेव्हा हा दारात बसून कणीस भाजत होता. टोपीवर बोटभर राख. तिनं विचारलं, काय बघितलं? म्हणाला, “काय न्हाई. लाल हुता. मी जेवलो, झोपलो.” आगीच्या डोंगराखाली एकटा झोपलेला हा माणूस पुढं गाढवाची लाथ लागून मेला. छातीत बसली. मरायला एवढंसं निमित्त पुरतं.

क्रिसांतानं खडू ठेवला. घराच्या मधोमध माळ्याचा लाकडी खांब होता. ती त्याच्यापुढं गेली, डोळे मिटले आणि त्याला मिठी घातली. खांब बारीक, हात फार लवकर भेटले. तिनं हात सैल केले, थोडे, आणखी थोडे, जोवर कोपरांना ओळख पटत नाही तोवर. मग तसेच हात धरून, जणू भरलेली परात उचललीय अशी, मेजाकडे आली आणि दोन हातांमधलं अंतर कापडावर टेकवून खडूची रेघ मारली.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ओतिलिया. नाबोरची बहीण. परसदारानं केव्हा आत आली पत्ता नाही.

“वैनी, खांबाला मिठी? आगं येवढीच हौस आसंल तर सांग, बघू की एकांदा बरा म्हातारा.”

“आलीस तर हिकडं ये. हात धर. तुज्या भावाचा खांदा आठवतो का?”

ओतिलियाचं हसू थांबलं. “पडका हुता. एका बाजूनं.”

“हां. लहानपनापास्नं भाऱ्याचा पट्टा त्याच खांद्यावर घ्यायचा. दोन बोटं खाली.”

“उजवा.”

“डावा.”

“मी बहीण हाय त्याची! उजवा. डोळ्यापुढं दिसतोय मला.”

“दिसतोय न्हवं? तुज्या पुढ्यात उभा ऱ्हायचा, म्हून तुला उजव्या हाताला दिसायचा. माज्या शेजारी निजायचा. डावा.”

ओतिलियानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग हवेत दोन्ही हात फिरवून हिशोब करत बसली. “आगं बया,” ती म्हणाली. “डावाच.”

तर कोट तसा झाला. डावा खांदा दोन बोटं खाली, त्या बाजूची बाही त्या बेतानं, कॉलरची बैठक तिरकी. सरळ कोट शिवणं सोपं, पण वाकडा कोट असा शिवणं की तो चुकल्यासारखा नाही, जगलेला दिसावा, याला कसबी हात लागतो. क्रिसांतानं तीनदा उसवला. पूर्ण झाल्यावर मेजावर पसरला तेव्हा ओतिलिया बघत राहिली आणि शालीच्या टोकानं नाक पुसून म्हणाली, “आता ह्यो उठून पानी मागंल.”

सेवेरो बघायला आला आणि कपाळाला हात लावला. “मावशे, हे काय? खांदा पडलाय! आख्ख्या खोऱ्यात हसं व्हईल, गावानं बाबाला लंगडा कोट नेला म्हून.”

“तू तुजा सरळ ने. मी माजा नेते.”

“तू नेतीस? वर?”

क्रिसांता कधी वर गेली नव्हती. बायका जायच्या, मोलेची भांडी घेऊन, पण ती दर साली काहीतरी निमित्त काढून खाली राहायची. कधी गुडघे, कधी कुणाच्या लग्नाचे कपडे. खरं कारण भीती. ज्याच्यासाठी शिवायचं त्याच्याकडे भिंतीवरून बघणं वेगळं, त्याच्या दारात उभं राहणं वेगळं. पण या खेपेला गाठोडं सेवेरोच्या खेचरावर जाणार होतं, आणि वाटेत एखादं गाठोडं दरीत पडायला किती वेळ लागतो?

तांबडं फुटताना निघाले. पुढं एपिफानियो ऊद घेऊन, मागं वाजंत्री, मग बायका, मग खेचरं. आधी पाइनचं रान, त्यात धूर कोंडल्यासारखं धुकं. सेवेरो खेचराच्या लगामाशी चालत होता.

“मावशे, दमलीस तर बसून घे. येताना घेतो तुला.”

“दमले तर खेचरावर बसंन. तूच एक उतरवून ठेव गाठोडं.”

“कंचं?”

“तुजं.”

लौरो बेकरीवाला खोकत खोकत हसला.

रान संपलं. गुडघाभर पिवळं गवत लागलं, मग तेही विरळ झालं, आणि पायाखाली काळी रेती आली, जिच्यात दोन पावलं टाकावीत तर एक मागं घसरतं. आणि तिथं क्रिसांतानं मान वर केली.

घरातून बाबा निळा दिसतो, टोकदार, हातात मावेल असा. चित्रासारखा. इथं तो चित्र नव्हता. त्याला टोक नव्हतं, कड नव्हती. समोर नुसतं अंग होतं, राखेच्या रंगाचं, चिरा पडलेलं, आकाशाच्या जागी उभं. पाठ कुठं, पोट कुठं, काही कळत नव्हतं. वर कुठंतरी फार लांब पांढरा धूर निघत होता, घाई नसल्यासारखा. गंधकाचा वास घशाला लागला. आणि आवाज. कानानं नाही, तळपायांनी ऐकू येणारा, शेजारच्या खोलीत मोठ्ठा माणूस झोपलाय तसा. एक लांब श्वास आत, एक बाहेर.

क्रिसांता जागच्या जागी खिळली. जन्मभर आपण याला कोट शिवतोय? याच्या एका चिरेत सगळं गाव मावेल, चर्चच्या मनोऱ्यासकट. आपला कोट म्हणजे याच्या अंगावर मुंगीनं ओढलेलं पान. तिला हसू यायला हवं होतं, पण ती मटकन रेतीत बसली.

एपिफानियो मागं वळून आला. “काय गं?”

“फान्या, हे येवढं? आरं, येवढ्याला मी काखेत आस्तर लावत बसलीय?”

“येडी हाईस. तो डोंगर न्हवं,” एपिफानियो म्हणाला. “तो डोंगरात ऱ्हातो. तू घराला कोट शिवतीस का घरातल्या मान्साला?”

ती उठली. पण पुढं चढताना तिनं वर बघितलं नाही. जाणवत होता तेवढा पुरे होता.

गुहेशी पोचले आणि पुढचे थांबले. वाजंत्रीनं फुंकायला घेतलेलं शिंग तोंडावरून खाली आलं.

क्रूस उभा होता, पण आडवी फळी तिरपी झाली होती. वर्षभरात डोंगरानं कधीतरी दगड फेकला असावा. पायाशी नारळाएवढा जळका धोंडा पडलेला. फळी खिळ्यावर फिरली होती आणि एक टोक खाली आलं होतं. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. म्हणजे क्रुसाचा डावा हात. गेल्या सालच्या कोटाची फक्त कॉलर उरली होती, वाऱ्यानं चिंधी झालेली. सणानंतर वर कुणीही आलेलं नव्हतं. सण सोडला तर शिपाई येऊच देत नाहीत.

ओतिलियानं क्रिसांताचा दंड इतका घट्ट धरला की पुढं चार दिवस त्याचं निळं दिसत होतं.

“सरळ करू या आधी,” सेवेरो म्हणाला.

“हात लावू नगंस,” एपिफानियो म्हणाला. “त्यानं केलंय ते त्यानं केलंय. कोट काढ.”

पहिला मान कारभाऱ्याचा. सेवेरोनं चोलुलाचा कोट काढला. रेशमी अस्तर उन्हात चमकलं, बायकांच्या तोंडून ‘वा’ निघालं. त्यानं तो क्रुसाला घातला. एक खांदा बसला, दुसरा तंबूसारखा वर राहिला. कॉलर मानेपासून सुटली. त्यानं पुढून ओढला तर बटण काजापर्यंत येईना, मागून ओढला तर बाही आखडली. घाम फुटला त्याला. त्यानं एक हिसका दिला आणि काखेत टर्रकन आवाज आला.

“बास,” एपिफानियो म्हणाला.

मग क्रिसांताचा काळा कोट. एपिफानियोनं तो नुसता खांद्यांवर ठेवला. ओढावा लागला नाही, झटकावा लागला नाही. पडका खांदा पडक्या लाकडावर जाऊन बसला, कॉलर टेकली, बटणं लागली. वाऱ्यानं बाही हलली आणि पुन्हा जागेवर आली, जसा माणूस अंग सैल करतो. समोर क्रूस उरलाच नाही. थंडीत थोडं तिरकं होऊन कुणीतरी उभं होतं.

टोप्या उतरल्या. आधी लौरोची, मग सगळ्यांची. एक म्हातारी गुडघ्यांवर आली.

“दगुड पडलाय,” सेवेरो पुटपुटला. “दगुड लागला म्हून फिरलीय फळी.”

“पडला की,” लौरो हळूच म्हणाला. “पर हिला खाली गावात बसल्या जागी कुनी सांगितलं?”

क्रिसांता पुढं गेली. काय करावं हे न सुचल्यावर हात सवयीचं करतात. तिनं कोटाच्या खांद्यावरून तळवा फिरवला, गिऱ्हाइकाला उभं करून फिरवायची तसा. कच्च्या टाक्याचा एक पांढरा दोरा राहून गेला होता. तो तिनं वाकून दातांनी तोडला. गाल लाकडाला लागला. लाकूड गरम होतं. उन्हानं तापलं होतं. सकाळपासून ऊनच होतं.

“मेल्या,” ती अगदी हळू म्हणाली, “इतं येऊन बसलास व्हय.”

पायाखाली तो श्वास थांबला. मग वर, फार वर, डोंगरानं धूर सोडला, पांढरा नाही, करडा, मोठा, फुलत जाणारा. थोड्या वेळानं राख आली. मऊ, चाळणीतून पडणाऱ्या पिठासारखी. कोटाच्या काळ्या खांद्यावर बसली, मोलेच्या भांड्यांवर बसली, सगळ्यांच्या उघड्या डोक्यांवर बसली. कुणी पळालं नाही. वाजंत्री भानावर आले आणि त्यांनी वाढदिवसाची चाल धरली, पहिला सूर चुकला, दुसरा लागला. एपिफानियो रडत होता आणि ऊद हलवत होता, दोन्ही एकदम.

मग सगळे जेवले. राखेसकट.

पावसाचं काय होईल, गारांचं काय, हे त्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं. मका अजून पेरायचाच होता. पण उतरताना सेवेरोनं एक गाठोडं खेचरावरून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि क्रिसांताला न विचारता खेचरावर बसवलं. त्याच्यासाठी हे फार झालं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात आला. काखेत फाटलेला रेशमी अस्तराचा कोट.

“मावशे, हे तेवढं शिवून दे. मेव्हन्याच्या लग्नाला घालीन म्हनतो.”

“ठेव तितं.”

“पुडल्या साली…” तो अडखळला. “कापड मी आणीन. चोलुलात चांगलं मिळतं.”

“काळं आण. आन् धुऊन आटनारं नगं.”

तो गेला. क्रिसांताचे गुडघे सुजले होते, दंडावर ओतिलियाची बोटं उमटली होती, आणि केसांत अजून राख होती, डोकं हलवलं की मेजावर पडायची. तिनं ती फडक्यानं पुसली. परसातून धूर दिसत होता, पांढरा, रोजचा. ती उठून बघायला गेली नाही. शाळेचे घागरे ढिगानं पडले होते, मास्तरीणबाईंनी दोनदा माणूस पाठवला होता. तिनं टाचण्या तोंडात धरल्या, पहिला घागरा सुईखाली सरकवला आणि मशीनला पाय मारायला सुरुवात केली.